रांजणाला चेहरा

पडद्यावर स्टाफचा फोटो आला आणि एकेका चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटत गेली तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण एक चौकट व्हरांड्यातल्या पाण्याच्या रांजणाला जाऊन बसली होती. प्राचार्यांना चौकट, ग्रंथपालांना चौकट, शिपाई दगडोबाला चौकट आणि रांजणाला चौकट. शिवकांताही हसली. हसता हसताच तिने फोटोत स्वतःला शोधलं. दुसऱ्या रांगेत, मोरपंखी साडीत ती उभी होती. पोटाशी जुळवलेल्या तिच्या दोन हातांना प्रोग्रामने छोटा चेहरा समजून धरलं होतं. चेहऱ्याभोवती मात्र काहीच नव्हतं. साडीसारखा, मागच्या भिंतीसारखा तो सोडून दिला होता. "मॅडम, तुम्हाला धरूनच नाही राहिला," मागच्या बाकावरून सत्यम म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. "लाईटचं असंल," म्हणत रुखसार पडद्यापाशी आली. रुखसार नांदेडची, लातूरला होस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाला शिकणारी. फोटोतले चेहरे शोधणारा हा प्रोजेक्ट तिचाच. तिने शिवकांताचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की त्याचे नुसते चौकोनी ठिपके राहिले. "नाहीतर मेकअप असंल, मॅडम. मेकअप लावला की आपल्या पट्ट्यात रंग बसत न्हाई." एवढं बोलून ती पुढच्या फोटोकडे गेली. "चला, पुढे," शिवकांता म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तो पट्टा तिनेच शिकवलेला होता. चेहरा ओळखायच्या आता किती तरी नव्या तऱ्हा निघाल्या होत्या, पण कॉलेजच्या जुन्या मशिनींना झेपेल असं काही हवं म्हणून तिने मुलांना ही साधी वाट दिली होती. फोटो म्हणजे ठिपके. प्रत्येक ठिपक्यातला उजेड वजा करायचा, म्हणजे उरतो तो नुसता रंग. ज्यांचा रंग कातडीच्या पट्ट्यात बसतो ते ठिपके ठेवायचे, बाकीचे पुसायचे. उरलेल्या तुकड्यात डोळ्यांची आणि तोंडाची भोकं सापडली तर तो चेहरा. "काळा, गोरा, सावळा हे सगळं उजेडाचं असतं," असं ती दर वर्षी वर्गाला सांगायची, "उजेड काढून घेतला की सगळी माणसं जवळपास एकाच पट्ट्यात येतात." पोरांना ते वाक्य आवडायचं. एकदा एकाने टाळीही वाजवली होती. ते वाक्य बोलताना आपल्या हनुवटीवर, ओठांच्या कोपऱ्यांवर आणि डाव्या पापणीवर काय लावलेलं आहे हे तिला प्रत्येक वेळी आठवायचं. पण आठवणं निराळं आणि पडद्यावर हातभर मोठं होऊन दिसणं निराळं. रुखसारने चेहरा एवढा मोठा का केला? लाईटचं असेल तर सगळ्या रांगेचं असायला हवं. शेजारच्या ग्रंथपालबाईंना तर बरोबर धरलं होतं. मेकअप हा शब्द पोरीच्या तोंडी इतक्या सहज कसा आला? शिवकांता घरी जाताना ऑटोच्या आरशात बघत राहिली. ऑटोवाला आपल्याकडे बघतोय असं वाटल्यावर तिने पदर ओढून घेतला.

लेक ऋतुजा बालवाडीत जायला लागली त्या वर्षी पहिला डाग आला होता. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात, दुधाचा थेंब वाळावा तसा. तिने तो पुसला, मग पाण्याने धुतला, मग टॉवेलने घासला. घासून कातडी लाल झाली आणि त्या लालीच्या मधोमध तो तसाच राहिला. तेव्हा तिला उदगीरची केवळाकाकू आठवली. काकूचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते. लहानपणी शिवकांताला वाटायचं, काकू कणीक मळून हात धुवायला विसरते. खरं काय ते कुणी सांगितलं नाही. फक्त काकूचा तांब्या वेगळा असायचा, आणि घरात पाहुणे बघायला येणार असले की काकू मळ्यात जायची. पुढे नवरा झालेल्या संगमेश्वरकडची माणसं शिवकांताला बघायला आली त्या दिवशीही काकू मळ्यातच होती. त्याच्या आईने, स्वयंपाक येतो का विचारावं त्याच सुरात विचारलं होतं, "अंगावर कुठं डागबिग न्हाई ना?" शिवकांताच्या आईने नाही म्हटलं, आणि तेव्हा ते खरं होतं. आता ते खोटं झालं होतं आणि ते कुणी बोललंही नव्हतं, शिवकांताच्या कातडीनेच केलं होतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे गोळ्या आल्या, मलमं आली, कशाच्या म्हणून विचारणं आलं. त्यापेक्षा नांदेडच्या बाजारात, जिथे संगमेश्वर सोडला तर तिला कुणी ओळखत नव्हतं, एक घट्ट क्रीम मिळालं. डाग झाकायचं, गुलाबीकडे झुकणारं, भिंतीच्या भेगेत लांबी भरावी तसं भरायचं. डागापुरतं लावलं तर कडा दिसायच्या, म्हणून ती ते साऱ्या चेहऱ्यावर ओढून घ्यायची. संगमेश्वर वीज खात्यात, नांदेडला खोली करून राहणारा. तो शनिवारी लातूरला यायचा. तो उठायच्या आत तिचा चेहरा तयार असायचा. उशांचे अभ्रे ती स्वतः धुवायची. वर्षभरापासून तोच दिवा आधी घालवायला लागला होता. थकत असेल, असं तिने धरलं होतं. आता त्या हशानंतर तिला ते तसं धरता येईना.

एकदा शंका आली की ती कुठूनही आत येते. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून त्या चहाला बसल्या आणि म्हणाल्या, "आता लई साफ दिसून राहिलंय गं. भिंतीची फटबी दिसती." शिवकांता कप घेऊन उजेडाकडे पाठ करून बसली. भिंतीचीच फट का? दुसऱ्या दिवशी रुखसार स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, तुमचा एक फोटो घेऊ का? खिडकीपाशी, नुसत्या उजेडात. माझा पट्टा कुठं चुकून राहिला ते बघते." शिवकांताने तिच्याकडे निरखून पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि काही नसणं हेच तिला संशयाचं वाटलं. "नंतर बघू," ती म्हणाली. "दहाच सेकंद लागतेत, मॅडम." "नंतर म्हटलं ना." रुखसार दचकली. तिच्या जाण्यात दुखावलेपण होतं की समजून घेणं होतं, यावर शिवकांता पुढचा सबंध तास विचार करत राहिली आणि फळ्यावर एक गणित चुकीचं सोडवून आली.

त्या आठवड्यात आत्याबाई मठात कीर्तनाला गेल्या होत्या त्या दुपारी तिने दार लावून घेतलं, चेहरा साबणाने दोनदा धुतला, खिडकीपाशी उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि लॅपटॉपवर रुखसारचा प्रोग्राम चालवला. या वेळी चौकट लगेच उमटली. धुतलेला, डागांचा चेहरा त्याने विनातक्रार धरला होता. पण शिवकांताचं त्या चौकटीकडे लक्षच गेलं नाही. तिने पट्ट्याबाहेरचे ठिपके काळे करणारं दुसरं चित्र उघडलं आणि ती तिथेच अडकली. हनुवटीवर काळा खड्डा, ओठांच्या दोन्ही बाजूंना दोन, पापणीवर एक. आरशात जे पांढरं होतं ते इथे काळं होतं. नसल्यासारखं, कुरतडल्यासारखं. आरशात तिला नेहमी वाटायचं, आपल्यावर काहीतरी आलंय. या चित्रात आपल्यातून काहीतरी गेलंय असं दिसत होतं. तेवढ्यात शाळेची रिक्षा थांबली. ऋतुजा धापा टाकत आत आली, दप्तर फेकून पाणी मागू लागली आणि शिवकांताने, आधी ठरवलेलं नसताना, तिचा हात धरून तिला खिडकीपाशी उभं केलं. "हालू नको." "का गं आई?" "शाळेत द्यायचाय फोटो." समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. पोर पाणी प्यायला गेल्यावर तिने तेही फोटो प्रोग्रामला दिले. उजव्या कानाखाली, गालाच्या कडेला, एक फिकट काळा ठिपका होता. चण्याच्या डाळीएवढा.

त्यानंतर ती रोज फोटो काढू लागली. कधी वेणी घालताना, कधी अभ्यास घेताना, पोरीची मान हनुवटीला धरून उजेडाकडे वळवायची. ठिपका कधी मोठा दिसायचा, कधी दोन तुकडे व्हायचे, ढगाळ दुपारी दिसायचाच नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे जरा कोरडी, जरा उजळ कातडी होती, की तीही आपल्या मनानेच घातलेली? ऋतुजा तक्रार करीत नव्हती. आईने मान धरली की ती डोळे मिटून उभी राहायची, इंजेक्शनला उभं राहावं तशी. तिचा तो गप्पपणाही शिवकांताला खुपू लागला. कुणी काही सांगितलंय का पोरीला? पोरीच्या लग्नाच्या बैठकीत कुणीतरी बाई स्वयंपाकाच्या सुरात विचारील, तेव्हा आपल्याला मळ्यात पाठवतील का, आणि आपण जाऊ का, इथपर्यंत तिचं मन रोज जाऊन यायचं. एकदा शाळेतून आल्यावर पोर गाल खाजवताना दिसली तेव्हा शिवकांताने तिच्या हातावर फटका मारला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

लातूरचा डॉक्टर नको होता. इथे दवाखान्यातल्या बाकावर आपली एखादी विद्यार्थिनी नाहीतर आत्याबाईंच्या मठातली बाई बसलेली असणारच. रजा टाकून, लोह्याला मैत्रिणीच्या घराची वास्तुशांत आहे असं आत्याबाईंना सांगून तिने ऋतुजाला घेतलं आणि नांदेडची बस धरली. संगमेश्वरला कळवलं नाही. "वास्तुशांतीला पोरीला साधाच फ्राक?" आत्याबाईंनी दारातून विचारलं होतं. हा प्रश्न अहमदपूर मागे पडेपर्यंत तिच्या डोक्यात होता. लोहा आलं आणि गेलं. "आई, इथं उतरायचं होतं ना?" ऋतुजा म्हणाली. "आधी दुसरं काम आहे." पोरीने मान डोलावली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. तिने का विचारलं नाही, कुठलं काम? नांदेडला उतरल्यावर डॉक्टर लेनपर्यंत शिवकांता संगमेश्वरसारखी चाल असलेला प्रत्येक माणूस निरखत गेली. आपणच नवऱ्याच्या गावात चोरासारखे फिरतोय, आणि त्याने पाहिलं तर त्याला काय वाटेल, हे मनात आलं तेव्हा तिला हसू येईना.

डॉक्टर बाई होत्या, तिच्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी ऋतुजाला उंच स्टुलावर बसवलं, खोलीतला उजेड कमी करून निळसर दिवा गालाजवळ धरला आणि बराच वेळ पाहिलं. शिवकांता पोरीच्या कानामागचा बारीक केस न् केस बघत उभी होती. "घरात कुणाला पांढरे डाग आहेत का? आई, वडील, मामा, आत्या?" डॉक्टरांनी न वळता विचारलं. "नाही," शिवकांता म्हणाली. तो शब्द तिच्या आईच्या आवाजात बाहेर पडला. "आईला हाय," ऋतुजा म्हणाली. अगदी शांतपणे, शाळेत उत्तर द्यावं तसं. "हनुवटीवर हाय, तोंडाजवळ हाय आन् डोळ्यावर हाय. पण ते कुणाला सांगायचं न्हाई." डॉक्टरांनी दिवा बंद केला. मोठा दिवा लागला तेव्हा शिवकांताला तो आपल्याच चेहऱ्यावर लागल्यासारखा वाटला. डॉक्टर तिच्याकडे पाहत होत्या, पण त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. शिवकांता दारातून आत आली तेव्हापासून त्या क्रीम बघतच असणार. "मुलीचं ते नाही," त्या म्हणाल्या. "नुसता कोरडेपणा आहे. लहान मुलांना होतो, लोक जंताचे डाग म्हणतात. खोबरेल लावा, जाईल. आणि समजा उद्या दुसरं काही निघालंच, तरी ते अंगाला अंग लागून होत नाही, औषधं आहेत." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं बघायचं का?" "आज नको," शिवकांता म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने आनंद शोधला. पण पोरीचं एकच वाक्य सगळीकडे पसरून बसलं होतं. कुणाला सांगायचं नाही. मग ते तिला सांगितलं कुणी?

जिना उतरताना तिने विचारलं. "पप्पांनी," ऋतुजा म्हणाली. "पप्पा म्हणले, आईला ते दाखवायला आवडत न्हाई, म्हणून आपण बोलायचं न्हाई." "केव्हा म्हणाले?" "लई आधी. मी बारकी होते तेव्हा." रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या. शिवकांता एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकली. इतकी वर्षं ती ज्या दारावर पहारा देत होती त्याच्या आत सगळे केव्हाच येऊन बसले होते, जेवत होते, झोपत होते आणि तिला पहारा देताना बघत होते. तिला हलकं वाटलं नाही. उलट अंगावरचं काहीतरी काढून घेतल्यासारखा संताप आला. प्रत्येक शनिवार पुन्हा उलगडायला लागला. तो ताटावरून वर बघत नसे ते भुकेने नव्हे. तो फोटो काढताना "तू काढ, मी उभा राहतो" म्हणायचा ते उगीच नव्हे. दिवा घालवायचा तेव्हा त्याच्या मनात काय असायचं? तिने पोरीचा हात धरला आणि ऑटोवाल्याला तरोडा नाक्याकडे चल म्हणाली.

संगमेश्वर दुपारचा खोलीवर जेवायला आला होता. स्टीलच्या ताटात भात, वरण, आणि पेपराच्या तुकड्यावर लोणचं. दारात दोघींना पाहून तो उठला, पण त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "या. आईचा फोन आला होता, ऋतूला घेऊन गेली म्हणून," तो म्हणाला. "वास्तुशांत झाली का?" त्याच्या बोलण्यात टोमणा होता का, हे तिला कळेना. ऋतुजा त्याचा मोबाईल घेऊन खाटेवर चढून बसली. शिवकांता उभीच राहिली.

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

काय, असं त्याने विचारलं नाही. हात धुवून घेतला, रुमालाला पुसला. "लई दिस झाले."

"आत्याबाईंना?"

"आईनंच मला सांगितलं. ऑपरेशनच्या लई आधी."

"म्हणजे मोतीबिंदू असताना दिसलं त्यांना," शिवकांता म्हणाली आणि तिला एकदम हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं हे तिलाही ऐकू आलं. "सगळे मिळून बघत होतात."

"बघत न्हवतो. बघायचं न्हाई असं ठरवलं होतं."

"मी रोज पहाटे उठून..." तिला पुढे बोलता येईना. "एकदा विचारता आलं नाही?"

"तू सांगशील असं वाटलं. मग वाटलं, इचारलं तर म्हणशील, यानं शोधून काढलं." तो खाली बघून बोलत होता, आणि मग त्याने वर पाहिलं. "आन् खोटं कशाला बोलू, मला भ्याबी वाटलं. एकदा तोंडातून निघालं की रोज बोलावं लागलं असतं. आईशी, पावण्यांशी. न बोलता घर चालून राहिलं होतं."

"आणि दिवा?"

"तू सारखी उशीकडं बघायचीस. रंग लागला का म्हणून. म्हणलं, अंधारात तरी बघणार न्हाई."

हे खरं असेल. किंवा असावं असं त्याने आत्ताच ठरवलं असेल. तिला ते शेवटपर्यंत कळणार नव्हतं, आणि या माणसाच्या बाबतीत असं न कळणारं आणखी किती असेल, याचा विचार तिने पहिल्यांदाच केला. ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर सकाळचं क्रीम होतं, प्रवासाच्या धुळीने आणखी घट्ट झालेलं. "दाखवा," ती म्हणाली. "कुठं कुठं आहे ते दाखवा." त्याने खाटेकडे, पोरीकडे पाहिलं. "दाखवा म्हटलं ना." संगमेश्वरने अंगठा तिच्या हनुवटीला लावला. थोडं डावीकडे, बरोबर तिथे. मग ओठाचा उजवा कोपरा, डावा कोपरा. मग पापणी. तिने डोळे मिटले, ऋतुजा मिटायची तसे. तिचं सगळं लक्ष त्या अंगठ्याकडे होतं, तो कुठे आखडतो, कुठे घाई करतो याकडे. तो आखडत नव्हता. अंगठ्याला लोणच्याचा वास येत होता. संपलं, असं वाटून तिने डोळे उघडले, तेव्हा त्याचा हात तिच्या खांद्यावरून मागे गेला, अंबाड्याखाली शिरला आणि मानेवर टेकला.

"आन् हे," तो म्हणाला.

"तिथे नाहीये."

"हाय की. हाच सगळ्यात मोठा हाय."

"नाही. तिथे कधीच नव्हता."

त्याने पोरीकडून मोबाईल घेतला, शिवकांताला पाठमोरी केलं आणि फोटो काढून समोर धरला. तिची मान तिने अशी कधी पाहिली नव्हती. अंबाड्याच्या खालून निघून ब्लाउजच्या काठापर्यंत गेलेला, तळहाताएवढा, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग. वरचे दोन-चार केसही पांढरे. त्याला कधी क्रीम लागलेलं नव्हतं, पावडर लागलेली नव्हती, पदराने तो कधी मुद्दाम झाकलेला नव्हता. मग तिला फळा आठवला. दर तासाला ती फळ्याकडे वळायची आणि साठ पोरं मागे बसलेली असायची. सत्यम, रुखसार, सगळी. बसमध्ये मागच्या सीटवरची माणसं. मठात मागे बसलेल्या बायका. किती वर्षं ती पुढचा चेहरा लिंपत होती आणि मागून उघडी फिरत होती, आणि मागून कुणी हसल्याचं, कुजबुजल्याचं तिला आठवेना. तिने आठवायचा खूप प्रयत्न केला. पोरं फळ्यावरचं उतरवून घेत होती, एवढंच आठवलं.

"किती जुना आहे?"

"आईनं सांगितलं तेव्हा म्या पहिल्यांदा हाच बघितला."

ऋतुजा खाटेवरून उतरून मागे आली आणि टाचा उंचावून बघू लागली. "आई, हा तर मलाबी माहीत न्हवता," ती म्हणाली. तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. तिने बोट लावलं, आणि बोट थंड होतं.

शिवकांताने तो फोटो आणखी मोठा करून पाहिला. मग तिने मोबाईल परत दिला. अंबाडा सुटत आला होता. तिने पिना काढून तोंडात धरल्या, केस सोडून पुन्हा गोळा केले आणि नेहमीपेक्षा बरेच वर बांधले. संगमेश्वर बघत होता, यावेळी तो सरळ बघत होता, आणि ती नजर तिला जड गेली, पण तिने ती राहू दिली. "गार पडलंय," ती ताटाकडे बघून म्हणाली. "बाहेरच जेवू चला. पोर सकाळपासून उपाशी आहे." तो चप्पल शोधायला लागला. ती आधी निघाली. जिन्यात घरमालकीणबाई पायऱ्या पुसत बसल्या होत्या, त्या सरकल्या आणि म्हणाल्या, "आलात का वैनी, लई दिसांनी." शिवकांता हो म्हणाली आणि त्यांना ओलांडून खाली उतरू लागली. बाई आता आपल्या मानेकडे बघतायत की नाही, हे पाहायला ती वळली नाही.